बारा विद्यापीठं, चार मसुदे आणि राहून गेलेले कागद

पत्र, थोडक्यात:

"मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या सुमाराला मास्टर्ससाठी बाहेर जायचं आहे. अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनी मिळून बारा विद्यापीठांची यादी केली आहे, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तारीख घेतली आहे, एसओपीचे (अर्जासोबतच्या निबंधाचे) चार मसुदे झाले. तरी काहीतरी मोठं राहतंय असं सारखं वाटतं. सीजीपीए ७.६ आहे. दुसऱ्या सेमिस्टरला गणितात एकदा नापास झाले होते, ते सांगू की नको? सरांकडे शिफारसपत्र मागितलं तर म्हणाले, 'तूच लिहून आण, मी सही करतो.' पासपोर्टवर नाव एका क्रमाने आहे, गुणपत्रिकेवर दुसऱ्या. एक सल्लागार म्हणतात, फाइल आमच्याकडे द्या, व्हिसापर्यंत सगळं आम्ही बघतो. सुरुवात कुठून करू?"

उत्तर:

एसओपी तू चार वेळा लिहिलास, पण तुझ्या पत्रात ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाने दिलेला सगळ्या गुणांचा एकत्रित कागद) हा शब्द एकदाही आलेला नाही आणि पैशाच्या कागदांचं तर नावही नाही. राहतंय ते हेच. निबंध, परीक्षा, यादी ही आपल्या हातातली कामं, म्हणून त्यांवर महिने जातात. परीक्षा विभाग, सर, बँक, व्हिसा कार्यालय यांच्या टेबलावर जे पडून राहणार असतं ते मात्र शेवटी आठवतं, आणि तुझी डेडलाइन जवळ आली म्हणून यांच्यापैकी कुणीही घाई करणार नाही. त्यामुळे वर्ग सुरू होतो त्या दिवसापासून मागे मोजत ये.

अमेरिकेत फॉलचं सत्र बहुतेक ठिकाणी ऑगस्टच्या शेवटीच सुरू होतं, सप्टेंबर धरून चालू नकोस. प्रवेश मिळाल्यावर पहिल्या वर्षाच्या खर्चाचा पुरावा दिलास की विद्यापीठ आय-२० हा व्हिसासाठी लागणारा कागद पाठवतं. आय-२० हातात आल्यावर सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची ३५० डॉलर फी, मग डीएस-१६० हा व्हिसाचा फॉर्म, मग मुलाखतीची तारीख. नव्या विद्यार्थ्याला व्हिसा सत्राच्या ३६५ दिवस आधीही मिळू शकतो, पण देशात शिरता येतं ते सत्राच्या ३० दिवस आधीपासूनच. विमानाचं तिकीट लवकर स्वस्त मिळालं म्हणून काढणारे इथेच अडकतात. ब्रिटनमध्ये सगळं सीएएस क्रमांकावर (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेली प्रवेशाची खात्री) अडतं, आणि ऑफर बिनशर्त झाल्याशिवाय सीएएस येत नाही. तुझी ऑफर अर्थातच सशर्त असणार, कारण पदवी अजून हातात नाही. म्हणजे शेवटच्या सेमिस्टरचा निकाल आणि तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र कधी मिळतं यावर तुझा व्हिसा लटकलेला असेल. तुमच्या परीक्षा विभागाने मागच्या तीन वर्षांत निकाल कोणत्या तारखांना लावले ते आत्ताच विचारून ठेव, आणि अटी पूर्ण करण्याची ऑफर लेटरमधली मुदत त्या तारखेच्या शेजारी लिही. मुदत आधी पडत असेल तर प्रवेश विभागाला लगेच ईमेल कर. आधी विचारलं तर ते बऱ्याचदा मुदत वाढवतात, उलटून गेल्यावर सहसा नाही.

जर्मनीत हिवाळी सत्राच्या अर्जाची ढोबळ शेवटची तारीख १५ जुलै म्हणतात. तिच्यावर विसंबू नकोस. परदेशी अर्जदारांसाठी कित्येक मास्टर्स अभ्यासक्रम मार्च ते मे दरम्यानच बंद होतात. बरीच विद्यापीठं अर्ज युनि-असिस्ट या कागद तपासणाऱ्या संस्थेमार्फत घेतात. तिथे पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रात पुढच्या प्रत्येकाला ३० युरो, आणि कागद तपासायला चार ते सहा आठवडे. फी पोहोचेपर्यंत तपासणीला हातच लावत नाहीत, म्हणून मुदतीच्या निदान आठ आठवडे आधी अर्ज टाकावा. भारत, चीन आणि व्हिएतनाममधून पदवी घेतलेल्यांना याच्याही आधी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शिक्षणाचे कागद खरे असल्याचा दाखला, लागतं. ते मिळायला वेळ लागतो आणि बाकीची रांग त्याच्या मागे उभी असते. तुझ्या यादीत जर्मनी राहणार असेल तर एपीएसचा अर्ज हे तुझं पहिलं काम.

आता यादी. तीन देशांत बारा म्हणजे फीचे पैसे आणि लक्ष दोन्ही पातळ होतं. सात-आठ ठेव, पण प्रत्येकाचा नियम स्वतः वाचून. क्रमवारीच्या याद्यांमध्ये तो सापडत नाही, अभ्यासक्रमाच्या स्वतःच्या प्रवेश-पानावर सापडतो. एका तक्त्यात प्रत्येक विद्यापीठाला एक ओळ दे आणि त्या ओळीत हे भर: अर्जाची मुदत आणि कोणत्या टाइमझोनने, कागदांची मुदत वेगळी आहे का, ट्रान्सक्रिप्ट अपलोड चालतो की विद्यापीठाकडून थेट किंवा मोहोरबंद लिफाफ्यातच हवा, शिफारसपत्रं किती, ती कधीपर्यंत, जीआरई ही प्रवेशपरीक्षा लागते की नाही, इंग्रजीचा एकूण आणि प्रत्येक विभागाचा किमान स्कोअर, फी. जर्मनीच्या ओळींत आणखी एक खाना लागेल: गणित, यांत्रिकी, थर्मोडायनॅमिक्स यांचे किमान किती क्रेडिट मागितलेत. तिथे अर्ज पडतात ते याच खान्यात. एकूण गुण चांगले, पण एका विषयगटात क्रेडिट कमी, की नकार. तुझ्या अभ्यासक्रमाची विषयवार रूपरेषा काढून त्यांच्या मॉड्यूल हँडबुकशी (विषयवार माहितीच्या पुस्तिकेशी) ताडून बघ. या एका बैठकीत यादीतली तीन-चार नावं आपोआप गळतील.

इंग्रजीच्या खान्यात विभागवार स्कोअर लिहायला सांगितलं त्याला कारण आहे. 'एकूण ६.५, कुठल्याही विभागात ६.० पेक्षा कमी नको' असा नियम असतो आणि एकूण ७.५ आलेली मुलं रायटिंगमधल्या ५.५ मुळे अडतात. तसं झालंच तर आयईएलटीएसचा एकच विभाग पुन्हा देण्याची सोय आहे. मूळ परीक्षा संगणकावर दिलेली असावी लागते, ६० दिवसांच्या आत द्यावी लागते आणि सगळी विद्यापीठं ती मानत नाहीत, तेही तक्त्यात नोंदव. स्कोअर दोन वर्षं चालतो, जीआरईचा पाच. जीआरई देणार असशील तर परीक्षेच्या दिवशी चार विद्यापीठांना निकाल फुकट पाठवता येतो. नंतर प्रत्येकाचे पैसे पडतात, म्हणून चार नावं आधीच ठरवून जा.

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे गुणपत्रिकांच्या झेरॉक्स नव्हेत. सगळ्या सेमिस्टरचे विषय, क्रेडिट आणि गुण एकत्र दाखवणारा, विद्यापीठाच्या शिक्क्याचा कागद. तो मागताना ग्रेडिंग स्केलचं पानही सोबत माग. हे पान किती जड असतं ते तुझ्याच आकड्यावर बघ. जर्मनीत बाहेरचे गुण बदलायला सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात: जास्तीत जास्त गुणांतून तुझे गुण वजा, भागिले जास्तीत जास्त आणि उत्तीर्ण होण्याचे किमान गुण यांतला फरक, गुणिले ३, अधिक १. तिकडे १.० सर्वांत चांगला आणि ४.० म्हणजे काठावर पास. तुझे ७.६ आहेत. तुमच्याकडे पास व्हायला ४ लागत असतील तर २.४ भागिले ६, म्हणजे ०.४, गुणिले ३ अधिक १, उत्तर २.२. तपासणाऱ्याने किमान ५ धरले तर २.४ भागिले ५, आणि उत्तर २.४४. बऱ्याच अभ्यासक्रमांची रेघ २.५ वर असते. थोडक्यात, किमान गुण कागदावर छापलेले नसले तर तू एकदम रेघेच्या काठाशी येतेस. आणि फॉर्ममध्ये सीजीपीए आपल्या मनाने ४ च्या स्केलवर बदलून लिहू नकोस. मागितलं नसेल तर १० पैकी ७.६ असंच लिही, बाकीचं त्यांचं ते करतात.

गणितात नापास झालीस ते ट्रान्सक्रिप्टवर बहुधा दिसणारच आहे, त्यामुळे लपवण्याचा प्रश्न फारसा उरत नाही. फॉर्मने थेट विचारलं तर खरं ते लिहायचं. खोटं उघडकीला आलं तर दिलेला प्रवेशही काढून घेतात. मात्र एसओपीमध्ये त्याचं रडगाणं नको. बहुतेक फॉर्ममध्ये 'अतिरिक्त माहिती' असा रकाना असतो, तिथे तीन वाक्यं पुरतात: काय झालं, पुन्हा परीक्षा कधी दिली, आणि त्यानंतरच्या गणित लागणाऱ्या विषयांत किती मिळाले. वाचणारा तिसऱ्या वाक्यासाठीच थांबलेला असतो.

सरांचं पत्र. 'तूच लिहून आण' यात त्यांचा वाईट हेतू नसतो, वेळ नसतो एवढंच. पण तू लिहिलेलं पत्र तुझ्या एसओपीच्याच आवाजात बोलतं, तीच विशेषणं, तीच वाक्यरचना, आणि रोज शेकड्याने अर्ज वाचणाऱ्याच्या ते नजरेत भरतं. कित्येक विद्यापीठांच्या नियमात तर अर्जदाराने पत्र लिहिणं सरळ गैरप्रकारात मोडतं. सरांना नाही म्हणण्याऐवजी त्यांचं काम सोपं कर. एका पानाचं टिपण दे: तुमच्याकडे कोणता विषय कोणत्या सेमिस्टरला शिकले, किती मिळाले, प्रकल्पात माझ्याकडे कोणता भाग होता, कुठे अडलं आणि ते कसं सोडवलं, कुठे कुठे अर्ज करतेय आणि प्रत्येकाची शेवटची तारीख. विशेषणं एकही नको. अशा टिपणावरून अर्ध्या तासात पत्र होतं, आणि ते त्यांचं असतं.

पत्र कुणाचं घ्यावं यात मुलं हमखास चुकतात. तुला नावानेसुद्धा न ओळखणाऱ्या विभागप्रमुखांपेक्षा ज्यांनी तुझा प्रकल्प आठवड्याला बघितला त्यांचं पत्र केव्हाही वजनदार. पोर्टल शिफारस करणाऱ्याला ईमेलवर लिंक पाठवतं. त्यासाठी कॉलेजचा ईमेल द्यावा, फुकटच्या खात्यावर कित्येक ठिकाणी शंका घेतात. लिंक स्पॅममध्ये जाते, ते त्यांना त्याच दिवशी फोन करून सांग. नुसतं पत्र नसतं, 'हा विद्यार्थी वरच्या ५ टक्क्यांत, १० टक्क्यांत की २५ टक्क्यांत' असे रकानेही असतात, तेही आधी कानावर घाल. काही पोर्टलवर तू अर्ज पूर्ण सबमिट केल्यावरच लिंक जाते आणि पत्राची मुदत तीच असते. तिथे शेवटच्या दिवशी अर्ज करणं म्हणजे पत्राविना अर्ज करणं. अमेरिकी फॉर्ममध्ये पत्र बघण्याचा हक्क सोडता का, असा प्रश्न येतो. हो म्हण. हक्क राखून ठेवलेल्या पत्राला वाचणारा फारशी किंमत देत नाही. सहा आठवडे आधी विनंती, मुदतीच्या दोन आठवडे आधी एक आठवण, तीन दिवस आधी दुसरी. सर चिडत नाहीत, त्यांना त्याची सवय असते.

एसओपीबद्दल फार बोलण्यासारखं नाही, कारण तुझे चार मसुदे झालेत आणि पाचवा मसुदा छोटा असायला हवा. तुझा प्रकल्प पंपाच्या बेअरिंगमधला बिघाड कंपनावरून ओळखण्याचा आहे असं धरू. 'लहानपणापासून मला यंत्रांची ओढ होती' हे वाक्य कुणाच्याही अर्जात चालेल. 'सेन्सरचा सॅम्पलिंग रेट मी कमी ठेवला होता, त्यामुळे ज्या फ्रिक्वेन्सीला बेअरिंगचा दोष दिसायला हवा तिथपर्यंत आमचं मोजमाप पोहोचतच नव्हतं; हे कळायला तीन आठवडे गेले' हे फक्त तुझं. पहिला परिच्छेद इथून सुरू कर, मग या अडचणीतून कोणते प्रश्न पडले आणि त्यांच्या अभ्यासक्रमातला कोणता विषय, कोणती प्रयोगशाळा त्यांच्याशी भिडते ते लिही. विद्यापीठाच्या स्तुतीचा परिच्छेद काढून टाक. त्यांना ते कोण आहेत हे माहीत आहे.

आता पैसे. इथे प्रत्येक देशाचं गणित निराळं आहे आणि चांगले प्रवेश मिळालेली मुलं इथे पडतात. ब्रिटनचं उदाहरण नीट बघ. पहिल्या वर्षाची न भरलेली फी आणि जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च, एवढी रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते, आणि त्या २८ दिवसांची शेवटची तारीख व्हिसाच्या अर्जापासून ३१ दिवसांपेक्षा जुनी नसावी. समज, १४ मेपासून १० जूनपर्यंत रक्कम खात्यात आहे. अर्ज ११ जुलैपर्यंत करता येईल. पण २ जूनला कुणी घरखर्चाला काही पैसे काढले आणि शिल्लक एका दिवसापुरती जरी रेघेखाली गेली, तरी मोजणी पुन्हा एकपासून. महिन्याची सरासरी बघत नाहीत, रोजची शिल्लक बघतात. खातं तुझं किंवा आईवडिलांचं चालतं. आईवडिलांचं असेल तर जन्मदाखला आणि पैसे वापरायला त्यांचं संमतीपत्र लागतं. काका-मामांच्या खात्यातले पैसे चालत नाहीत, शेअर आणि घराची किंमतही नाही. विद्यापीठाला आगाऊ फी भरली असेल तर ती सीएएसवर नोंदली आहे ना ते बघ, म्हणजे तेवढी रक्कम कमी दाखवावी लागते. काही देशांतल्या अर्जदारांना मान्यताप्राप्त दवाखान्यातलं क्षयरोग तपासणीचं प्रमाणपत्रही जोडावं लागतं. याचीही वेळ आधी घ्यावी लागते.

जर्मनीत ब्लॉक्ड अकाउंट. सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो त्यात आधी भरायचे, तिकडे गेल्यावर महिन्याला ९९२ प्रमाणे हातात येतात. खातं उघडणं, पैसे पाठवणं आणि खात्रीचा कागद येणं यांत दिवस जातात, म्हणून व्हिसाची वेळ घेण्याच्या आधीच हे सुरू करायचं. अमेरिकेत स्पॉन्सर नातेवाइकांपैकी कुणीही चालतो, पण मुलाखत घेणारा विचारतो की हे पैसे आले कुठून. गेल्याच महिन्यात एकरकमी आलेल्या मोठ्या आकड्याचं उत्तर कागदावर हवं: ठेव मोडली तर तिची पावती, कर्ज असेल तर मंजुरीपत्र. मुलाखत काही मिनिटांचीच असते आणि बहुतेक नकार कलम २१४(ब) खाली येतात, म्हणजे तू परत जाशील हे अधिकाऱ्याला पटलं नाही. एसओपीमध्ये एक, डीएस-१६० मध्ये दुसरं आणि तोंडून तिसरं आलं की तो प्रश्नच संपतो.

सल्लागारांविषयी: ते सगळे लबाड असतात असं नाही, पण त्यांतल्या बऱ्याच जणांना प्रवेशामागे विद्यापीठांकडून कमिशन मिळतं, त्यामुळे त्यांच्या यादीत कोणती नावं येतात ते समजून घ्यावं. यादीतल्या कोणकोणत्या विद्यापीठांकडून तुम्हाला पैसे मिळतात, हे लेखी विचार. पोर्टलचं खातं तुझ्या ईमेलवर, पासवर्ड तुझ्याकडे, आणि सबमिटचं बटण तू दाबायचं. ही हट्टाची बाब समज. बँकेचं स्टेटमेंट किंवा अनुभवाचं पत्र कुणी 'नीट करून' दिलं आणि ते खोटं निघालं, तर शिक्षा सल्लागाराला होत नाही. खोट्या कागदांवर कॅनडा पाच वर्षं बंदी घालतो, ब्रिटन दहा, आणि अमेरिकेचा दरवाजा कायमचा बंद होऊ शकतो. 'व्हिसापर्यंत सगळं आम्ही बघतो' यातलं 'सगळं' म्हणजे काय, ते सही करण्याआधी कळलं पाहिजे. व्हिसाची हमी तर कुणीच देऊ शकत नाही.

अमेरिकेतून शिष्यवृत्ती किंवा असिस्टंटशिपसह (विद्यापीठातल्या पगारी कामासह) ऑफर आली आणि दोन दिवसांत हो म्हण असा आग्रह झाला, तर घाबरू नकोस. तिथल्या पदव्युत्तर विभागांच्या संघटनेच्या ठरावावर सही केलेल्या विद्यापीठांना अशा ऑफरचं उत्तर १५ एप्रिलच्या आधी मागता येत नाही. आधी विद्यापीठ त्या यादीत आहे का बघ, मग नम्रपणे तसं लिही. पैशाविना आलेल्या ऑफरला हे लागू नाही.

शेवटी नाव, पण काम म्हणून हे आजचं. पासपोर्ट हा पाया. प्रत्येक फॉर्म, प्रत्येक परीक्षा, प्रत्येक बुकिंग त्याच्या अक्षरांप्रमाणे, क्रमासकट. गुणपत्रिकेवर क्रम वेगळा असेल तर 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र करून घे आणि ते ट्रान्सक्रिप्टसोबत अपलोड कर. नुसता क्रम उलटा असेल तर एवढ्याने भागतं. स्पेलिंग वेगळं असेल किंवा एक नाव गाळलेलं असेल तर गुणपत्रिका दुरुस्त करून घेणं बरं, आणि त्याला महिने लागतात. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा तर नाही ना, तेही बघ. एकच नाव असेल तर अमेरिकेच्या कागदांवर ते आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन) छापून येतं. मग तेच पुढे बँक आणि लायसन्सपर्यंत मागे लागतं, म्हणून रकाना रिकामा असलाच तर अर्ज करण्याआधी पासपोर्ट सुधारून घे. आणि आयईएलटीएसचं बुकिंग तू आधीच केलं आहेस: त्यात नाव पासपोर्टवरून टाकलंस की गुणपत्रिकेवरून, ते उघडून बघ. चुकलं असेल तर केंद्राला ईमेल करून आत्ताच बदलून घे. परीक्षेच्या दिवशी ओळखपत्राशी नाव जुळलं नाही, तर तुला आत बसू देणार नाहीत आणि फीही जाईल.